पोस्टर छापायला जाण्याआधी : कोल्हापूरच्या वस्तादांना आणि मैदान कमिट्यांना खुलं पत्र

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातल्या तालमींचे वस्ताद, तालीम मंडळांचे पदाधिकारी आणि कुस्ती मैदानं भरवणाऱ्या यात्रा कमिट्या

सप्रेम नमस्कार.

दिवाळी उरकली की गावोगावची मैदानं सुरू होतील. जोडी ठरायला लागतील, वर्गणीची पावती पुस्तकं फिरतील, पोस्टरवर कुणाचा फोटो केवढा यावरून दोन-चार ठिकाणी रुसवेफुगवे होतील. एकदा हलगी वाजायला लागली की कुणी कुणाचं ऐकत नाही, म्हणून आत्ताच लिहितोय.

मी पैलवान नाही. माझं औषधांचं दुकान आहे, पेठेत, तालमीपासून हाकेच्या अंतरावर. वडील आखाड्यात वाढलेले, त्यामुळे कुस्ती घरात होतीच. पण मला ती दिसते काउंटरच्या मागून. कान मोडलेली, मान जाड झालेली पोरं येतात. कुणी क्रेप बँडेज नेतं, कुणी दुखऱ्या खांद्यासाठी मलम. आणि अधूनमधून एखादं पोरगं दुकानातली गर्दी ओसरेपर्यंत बाहेर थांबतं, मग आत येऊन आवाज खाली करून एका इंजेक्शनाचं नाव घेतं. मी नाही म्हणतो. ते भांडत नाही, ‘बरं काका’ म्हणून निघून जातं. म्हणजे दुसरीकडं मिळणार हे त्याला ठाऊक असतं. मला त्या मागणीपेक्षा जास्त खटकतं ते त्याचं ज्ञान. बारावी नापास पोराला औषधाचं नाव, किती मिलिलिटरची बाटली, कधी घ्यायचं, सगळं पाठ असतं. हे त्याला कुणीतरी बसवून शिकवलेलं असतं.

वस्ताद, हे पत्र त्या ‘कुणीतरी’बद्दल आहे.

पोरगं सापडलं की आपण काय म्हणतो? आजकालची पोरं बिघडली. मोबाईलनं वाट लावली. आमच्या वेळी दूध-तूप खाऊन लढायचो. हे बोलायला सोपं आहे आणि मला ते पटत नाही. माझ्या दुकानात येणारी पोरं आळशी नाहीत. पहाटे चारला उठून जोर-बैठका मारणाऱ्या पोराला आळशी कोण म्हणेल? ते पोरगं हिशेब करतंय. तोच हिशेब आपण मोठ्यांनी एकदा करून बघूया.

खुराकापासून सुरुवात करू. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर पिळून घेतलेलं दूध प्यायची हौस आपल्या गावाला आहेच. पैलवानानं दिवसाला दोन लिटर दूध प्यायचं म्हटलं आणि लिटरला साठ रुपये धरले, तर महिन्याला ३६०० रुपये नुसत्या दुधाला लागतात. थंडाईचे बदाम, खसखस, तूप, अंडी, मटण, फळं हे सगळं अजून बाजूलाच आहे. तालमीतल्या खोलीचा खर्च, मॅटचे बूट, स्पर्धेला जायचं रेल्वेभाडं हेही बाजूला. पोराचा बाप बहुतेक वेळा दीड-दोन एकरांचा मालक असतो, नाहीतर ऊसतोडीला जाणारा. शाहू महाराजांच्या काळात हा खर्च संस्थान उचलत होतं. १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं तेव्हा नुसती दगडी बैठक उभी राहिली नव्हती. त्यात उतरणाऱ्याच्या ताटाची सोयही दरबारनं बघितली होती. पुढं काही साखर कारखान्यांनी मानधन सुरू केलं, ते आजही काही पोरांना मिळतं. पण तालमीत राहणारी सगळी पोरं त्यात बसत नाहीत. उरलेल्यांच्या घरी दर महिन्याला एक वासरू, नाहीतर आईच्या गळ्यातलं काहीतरी कमी होतं.

आता कमाई बघा. बक्षिसाची उतरंड अशी आहे की वरच्या पायरीवर सगळं आणि खालच्या पायरीवर काहीच नाही. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेल्या मल्लांना पोलीस उपअधीक्षकाची खुर्ची मिळालेली पोरांनी डोळ्यांनी बघितलीय. उपांत्य फेरीत हरलेल्याचं नाव दोन महिन्यांनी तालमीबाहेर कुणाला आठवत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरावीक स्पर्धेत ठरावीक क्रमांक लागतो. तो क्रमांक आणि भरतीची वयोमर्यादा यांच्यामध्ये पोराच्या हातात तीन-चार हंगाम उरतात. त्यातला एक गुडघ्याच्या दुखण्यात जातो. घरून फोन येतो, ‘यंदा काय होतंय का बघ.’ या अवस्थेत शेजारच्या कॉटवरचा माणूस सांगतो की एका सुईनं दम वाढतो आणि अमका पण घेतो. सुई न घेता अख्खं आयुष्य काढणारी पोरं आहेत, बरीच आहेत. ती कशी तग धरतात याचंच मला जास्त आश्चर्य वाटतं.

आता त्या सुईत काय असतं ते मला सांगू द्या, कारण तेवढंच मला नीट कळतं.

सध्या जिची जास्त चलती आहे ती मेफेंटरमाईन सल्फेट. हे औषध ऑपरेशन थिएटरचं. पाठीत भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब एकदम खाली येतो, तेव्हा भूलतज्ज्ञ ते देतो. समोर मॉनिटर चालू असतो, नाडीवर लक्ष असतं. तेच औषध निरोगी पोरगं मॅटमागच्या अंधारात स्वतःला टोचून घेतं. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, थकवा जाणवत नाही. थकवा गेलेला नसतो, फक्त कळायचा बंद झालेला असतो. शरीर थांब म्हणत असताना पोरगं पळत राहतं. पुढं झोप उडते, चिडचिड वाढते, सवय लागते, आणि एखाद्याच्या हृदयाचा ताल असा बिघडतो की तो परत येत नाही. पश्चिम महाराष्ट्रात या इंजेक्शनांचे बेकायदा साठे पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. आपण त्या वाचतो आणि जिमवाल्यांचं काहीतरी असेल म्हणून पान उलटतो.

दुसरा प्रकार स्टेरॉइडचा : स्टॅनोझोलॉल, मेथॅन्डिएनोन, नॅन्ड्रोलोन. यानं स्नायू भराभर वाढतात, पण स्नायूला हाडाशी बांधणारी शीर त्या वेगानं जाड होत नाही. मग पट काढताना, म्हणजे समोरच्याचा पाय धरून ओढताना, ती तुटते आणि आपण म्हणतो, पोराचं नशीब फुटकं. यकृतावर ताण येतो, रक्तातली चरबी बिघडते, बाहेरून हार्मोन मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं बंद करतं. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून डॉक्टरच्या दारात बसलेला जुना पैलवान हे कधीच कुणाला सांगत नाही.

तिसरं म्हणजे वजन उतरवायची गोळी, फ्रुसेमाईड. हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीची ही गोळी लघवीवाटे पाणी काढते. वजनाच्या आदल्या रात्री दोन किलो जास्त भरले की पोरं ही मागतात. २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगटचे १०० ग्रॅम जास्त भरले ते सगळ्यांना पाठ आहे. तिनं रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले आणि तरीही जे भरलं ते भरलं. इथं गल्लीतल्या निवड चाचणीसाठी पोरं हृदयरुग्णाची गोळी खातात. ही गोळी बंदी असलेल्या यादीत बारा महिने असते, कारण ती दुसऱ्या औषधांचे माग पुसायलाही वापरली जाते.

आणि पावडरचे डबे. त्यांच्यावर मी फार लिहीत नाही. एवढंच सांगतो की डब्यावर छापलेलं आणि डब्यात असलेलं यांचा मेळ असेलच याची खात्री मी दुकानदार असून देत नाही. उत्तेजक चाचणीचा नियम कडक आहे : शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. कुणी दिलं, का दिलं, हा नंतरचा प्रश्न.

तुमचं-माझं बोलणं खरं म्हणजे या ‘नंतरच्या’ प्रश्नावरच आहे.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेन जॉन्सन १०० मीटर ९.७९ सेकंदांत धावला आणि तीन दिवसांत त्याचं सुवर्ण काढून घेतलं. जगाला त्याचं नाव माहीत आहे. त्याचे प्रशिक्षक चार्ली फ्रान्सिस यांनी पुढच्या वर्षी कॅनडातल्या चौकशी आयोगापुढं शपथेवर सांगितलं की स्टेरॉइडचं हे १९८१ पासून चालू होतं. सात वर्षं! प्रशिक्षक आणि डॉक्टर दोघंही त्यात होते. पूर्व जर्मनीत तर सरकारनंच योजना आखली होती. शाळकरी जलतरणपटू मुलींना निळ्या गोळ्या जीवनसत्त्वं म्हणून दिल्या गेल्या, त्यांचे आवाज फुटले, पुढं आजार निघाले. २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयानं त्या वेळच्या क्रीडाप्रमुखाला दोषी ठरवलं. औषध देणारा माणूस कोर्टात उभा राहिल्याची अशी उदाहरणं फार थोडी सापडतात.

आपल्याकडं २०११ मध्ये रिले शर्यतीत धावणाऱ्या मुली उत्तेजक चाचणीत सापडल्या. त्यातल्या काहींनी आदल्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणलं होतं. परदेशी प्रशिक्षकानं दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांमुळं हे झालं, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रशिक्षकाची नोकरी गेली. मुलींवर दोन वर्षांची बंदी आली आणि नाव कायमचं गेलं. आणि आपला नरसिंग यादव. मुंबईत वाढलेला, तीन वेळचा महाराष्ट्र केसरी. २०१६ मध्ये रिओच्या तोंडावर त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी मिसळलं, असं तो म्हणाला. राष्ट्रीय उत्तेजक विरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या समितीनं ते मानलं. लोझानच्या क्रीडा लवादानं मानलं नाही आणि कुस्तीच्या आदल्या दिवशी चार वर्षांची बंदी घातली. त्या प्रकरणात खरं काय यावर पारावर बसून लोक अजून वाद घालतात, मी त्यात पडत नाही. पण घातपात झाला असेल तरी, नसेल तरी, बंदी एकाच माणसाच्या माथी आली.

जागतिक उत्तेजक विरोधी संस्थेच्या आकड्यांत २०२४ साली भारतातल्या ७११३ नमुन्यांपैकी २६० दोषी निघाले. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यात वाईट, आणि हा मान आपल्याला त्याच्या आधीची दोन वर्षंही मिळाला होता. कुस्ती त्या यादीत वरच्या खेळांमध्ये आहे. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या नेहरू स्टेडियमवर राज्य अजिंक्यपद स्पर्धा चालू असताना चाचणीवाले आले आहेत असं कळलं आणि १०० मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. बाकीचे गायब. स्वच्छतागृहात सुया पडलेल्या. तो एकटा पळाला आणि जिंकला. मला त्या पोराचं फार वाईट वाटलं. इतकी वर्षं तो कुणाकुणाबरोबर पळत होता हे त्याला त्या दिवशी कळलं.

गावच्या मैदानात तर नमुने घ्यायला कुणी फिरकतच नाही. तिथं वस्तादाचा शब्द हीच चाचणी.

आता खेळाडू हे का करतो. अमेरिकेत बॉब गोल्डमन नावाच्या डॉक्टरांनी १९८२ पासून मोठमोठ्या खेळाडूंना एक प्रश्न विचारला होता : एक औषध देतो, त्यानं सुवर्णपदक नक्की, पण पाच वर्षांत मरण नक्की, घ्याल का? जवळजवळ निम्मे हो म्हणाले. हा आकडा इतका गाजला की खेळाडू म्हणजे पदकापायी मरायला तयार असलेली जात, असंच सगळे धरून चालले. मग २०१३ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रश्न २१२ खेळाडूंना विचारला. हो म्हणणारे दोन निघाले. मला हा दुसरा आकडा खरा वाटतो, कारण माझ्या काउंटरवर येणाऱ्या पोरांच्या डोळ्यांत मरणाची हौस मला कधी दिसली नाही. दिसते ती भीती. बाकीचे सगळे घेतायत आणि मीच तेवढा येडा ठरतोय, ही भीती. लान्स आर्मस्ट्राँगची सायकल शर्यतीतली सात विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली आणि त्यानं टीव्हीवर कबुली दिली, तेव्हाही त्याचा सूर हाच होता की सगळेच घेत होते, त्यात वेगळं काय केलं.

‘सगळेच घेतात’ हे वाक्य तालमीत कोण बोलतं, वस्ताद? सुई विकणारा बोलतो, हे उघड आहे. पण मोठ्या मल्लाचा निकाल लागल्यावर पारावर बसून ‘आतलं वेगळंच असतंय’ असं डोळा मारून सांगणारे आपणही असतो. शेजारी बसलेलं सोळा वर्षांचं पोरगं ते ऐकत असतं.

आणि इथं मला नुरा कुस्तीवर, म्हणजे निकाल आधीच ठरवून केलेल्या कुस्तीवर यावं लागतं. हे वाचून काही जणांना राग येईल, येऊ दे.

माझं मत असं की पोराची पहिली फसवणूक सुईची नसते. ती आपल्या मैदानातच होते, आपल्या डोळ्यांदेखत. पोस्टरवर लाखाची कुस्ती, दोन्हीकडं नावाजलेले मल्ल, आणि पंधरा मिनिटं नुसती मानेवर हात घालून माती तुडवणं. शेवटी पंचांनी हात वर करून बरोबरीत सोडवायची, इनाम विभागून. खासबागेच्या दगडी पायऱ्यांवर बसलेल्या म्हाताऱ्यांना पहिल्या दोन मिनिटांत कळतं. ते शिट्ट्या मारतात, माती उडवतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा येऊन बसतात.

हे मल्ल असं का करतात? पुन्हा हिशेब. एका हंगामात त्याला गावोगावची मैदानं करायची असतात. एक कुस्ती चितपट हरला की पुढच्या गावात त्याची बोली निम्म्यावर येते. गुडघा गेला तर हंगाम गेला, आणि दवाखान्याचं बिल कमिटी देत नाही, तालीम देत नाही, ज्यानं फेटा बांधला तो पुढारीही देत नाही. हरणाऱ्याच्या हातात गाडीभाड्यापुरतं टेकवतात. अशा वेळी दोघांनी आधीच बसून ठरवून टाकणं हा दोघांसाठीही सगळ्यात शहाणपणाचा मार्ग ठरतो. कधीकधी तर मैदान भरवणाऱ्यांनाच ते हवं असतं : आपल्या गावचा पोरगा पडायला नको, पाहुण्यांची वेळ साधली पाहिजे, दोन गटांत तेढ नको. निकाल आधी ठरवता येतो हे पोरगं तिथं शिकतं. इनाम, टाळ्या आणि फेटा या सगळ्याचा खऱ्या लढतीशी संबंध असेलच असं नाही, हे त्याला विशीच्या आत कळलेलं असतं. त्यानंतर सुई ही त्याला फार मोठी पायरी वाटत नाही.

पंचांचंही तेच. २०२५ च्या सुरुवातीला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. निकालावरून वाद, पंचाला लाथ, दोन नावाजलेल्या मल्लांवर तीन वर्षांची बंदी. पंचावर हात-पाय उगारणं चूकच, त्याला दुसरं नाव नाही. पण त्या रात्री चहाच्या गाड्यावर मी जी बोलणी ऐकली त्यात ‘निकाल चुकला’ म्हणणारा एकही नव्हता. सगळे म्हणत होते, ‘निकाल ठरलेला होता.’ खरं-खोटं देव जाणे. पंच प्रामाणिकपणे चुकू शकतो, यावर आपल्या पोरांचा विश्वासच उरला नाही, हे मला लाथेपेक्षा गंभीर वाटतं.

वयाच्या दाखल्याची गोष्ट थोडक्यात. २०२५ मध्ये राष्ट्रीय कुस्ती महासंघानं खोटे जन्मदाखले दिले म्हणून ११ मल्लांना निलंबित केलं. चौदा वर्षांच्या गटात सतरा वर्षांचं पोरगं उतरवायचा निर्णय ते पोरगं घेत नाही. बाप घेतो, शाळा डोळे मिटते, आणि दुसऱ्या कोपऱ्यातलं खरंच चौदा वर्षांचं पोरगं मान मोडून घेऊन कुस्ती सोडतं. ते सोडून गेलेलं पोरगं कुठल्याच आकडेवारीत येत नाही. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लागल्याची प्रकरणं आपल्या राज्यात निघाली, त्यातले काही तर आयुष्यात मैदानावर उतरलेले नव्हते. त्यांच्याबद्दल मी काही लिहीत नाही, ते खेळाडूच नव्हेत.

मैदानाच्या भाषणांत आपण खाशाबा जाधवांचं नाव घेतोच. गोळेश्वरचं पोरगं, राजाराम कॉलेजात शिकलं, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीहून कांस्यपदक आलं. टाळ्या. पण पोरं ही गोष्ट आपल्यापेक्षा वेगळी ऐकतात. त्यांना पुढचंही माहीत असतं : खाशाबा पोलिसात फौजदार म्हणून लागले, बढतीसाठी वर्षानुवर्षं वाट बघत राहिले, १९८४ मध्ये अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. सरळ खेळून स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणणाऱ्याची ही गत, तर माझी काय? हा प्रश्न मला एका पोरानं काउंटरवर विचारला होता. माझ्याकडं त्याला द्यायला उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं भाषणवाल्यांकडंही नाही.

म्हणून मागणं मागतोय ते उपदेशाचं नाही, पैशाचं आणि कागदाचं आहे.

मैदान कमिट्यांना पहिलं सांगणं : यंदाच्या पोस्टरवर प्रत्येक मोठ्या कुस्तीच्या खाली हरणाऱ्याची रक्कमही छापा. लाखाची कुस्ती असेल तर जिंकणाऱ्याला साठ हजार, हरणाऱ्याला चाळीस. दोघांनाही त्याच संध्याकाळी खात्यावर. बरोबरीत सुटली तर दोघांना वीस-वीस आणि उरलेले साठ खालच्या गटातल्या पोरांत वाटा. मला माहीत आहे, कुणीतरी म्हणणार, हरणाऱ्याला पैसे दिले तर लढेल कोण. अहो, आज तरी कोण लढतंय? आज ते गुपचूप निम्मे-निम्मे करतात. तुम्ही उघड वाटणी करा आणि बरोबरी तोट्याची करा, मग बघा ढाकेसारखा डाव लागतो की नाही. मुलींच्या कुस्त्यांनाही हेच गणित लावा. त्यांना साडी आणि ट्रॉफीवर वाटेला लावायचे दिवस गेले.

दुसरं, मैदानात जखमी झालेल्याच्या उपचाराचा खर्च कमिटीनं उचलायचा. विमा काढा, नाहीतर वर्गणीतून वेगळी रक्कम बाजूला ठेवा. फटाके, साउंड सिस्टीम आणि पाहुण्यांच्या शाली यातून कितीतरी निघेल. गुडघा गेला तरी कुणीतरी बघणार आहे, एवढं कळलं तरी पोरगं मोकळं लढेल.

वस्तादांना सांगायला मला संकोच वाटतो, तुम्ही वडीलधारे. तरी सांगतो. तालमीत सुई आणि बिनबिलाचा डबा चालणार नाही, हे एकदा सगळ्या पोरांना समोर बसवून स्वतःच्या तोंडानं सांगा. न बोललेलं ते चालतंय असंच पोरं धरतात. पोरगं डॉक्टरकडून कुठलंही औषध घेऊन आलं तर नाव वहीत लिहायला लावा. नाडाचं ‘नो युवर मेडिसिन’ नावाचं ॲप आहे, त्यात औषधाचं नाव टाकून बंदी आहे का ते बघता येतं. आणि तालमीच्या दारात मोटारसायकल लावून उभा राहणारा, सगळ्यांना ‘भावा’ म्हणणारा, कुरिअरची पाकिटं आणून देणारा जो कोण आहे, त्याला हाकला. आंतरराष्ट्रीय नियमांत औषध पुरवणाऱ्याला किंवा टोचणाऱ्याला किमान चार वर्षांपासून आयुष्यभरापर्यंत बंदी आहे, म्हणजे बहुतेक वेळा खेळाडूपेक्षा जास्त. २०२२ मध्ये संसदेनं या विषयावर कायदाही केला. पण नाव सांगायला कुणी पुढं आलं तर त्याचा उपयोग. सापडलेल्या पोराला तालमीतून काढायची घाई करू नका, आधी त्याला विचारा की कुणी दिलं. त्यानं नाव सांगितलं तर त्याच्या पाठीशी उभे राहा, कारण त्या नावाचा माणूस तालमीच्या कमिटीतल्या कुणाचा तरी पाहुणा निघायची शक्यता आहे.

माझ्या धंद्याबद्दलही बोललं पाहिजे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ही इंजेक्शनं विकणारा औषधवाला हा गुन्हेगारच, तो आमचा असला तरी. आमच्या व्यवसायबंधूंच्या बैठकीत मी हे मांडणार आहे. तिथं माझं स्वागत होईल असं नाही.

रविवारी दुपारनंतर माझं दुकान बंद असतं. ज्या तालमीला हवं असेल तिथं मी रक्तदाबाचं यंत्र घेऊन यायला तयार आहे. पोरांचा रक्तदाब, नाडी बघेन, कुठलं औषध यादीत आहे ते सांगेन, पावडरचे डबे उघडून वाचून दाखवीन. पैसे नकोत, सत्कार तर मुळीच नको. हृदयरोगतज्ज्ञ एक ओळखीचे आहेत, तेही यायला तयार झालेत, फक्त पोरांसमोर नाव घेऊन कुणाला दटावणार नाही या अटीवर.

कमिट्यांनी पोस्टरचा मजकूर छापखान्यात देण्याआधी हरणाऱ्याच्या रकमेचं काय ठरलं ते कळवावं. ज्या गावच्या पोस्टरवर ती छापलेली असेल, त्या मैदानाच्या वर्गणीत माझ्या दुकानाचे अकरा हजार धरा.

आपला,
एक औषध दुकानदार
कोल्हापूर